बिनविस्तवाचं दूध

चुलीत लाकूड नव्हतं, गोवरी नव्हती, घासलेटाचा थेंब नव्हता. आणि दूध तापत होतं.

उद्धवरावांच्या नव्या घराच्या परसात त्या गुरुवारी सकाळी साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं उभी होती. चिंचवड स्टेशनाजवळच्या नव्या प्लॉटांवरची झाडून सगळी बिऱ्हाडं आली होती. जुन्या गावठाणातलेही बरेच जण हातातली कामं टाकून आले होते. पुढचे पातेल्याकडे टक लावून होते आणि मागचे पुढच्यांच्या खांद्यांवर हनुवट्या टेकून होते.

मध्यभागी मृगाजिनावर निरग्नी महाराज बसले होते. त्यांचा शिष्य बबनराव यानं मातीच्या नव्या चुलाण्यात गोणपाटाच्या पिशवीतून पांढरे खडे ओतले होते. ही कैलासावरची खडी, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. कैलासाहून चिंचवडला ती कोणत्या गाडीनं आली हे कोणी विचारलं नाही. खड्यांवर विभूतीचा जाड थर, त्यात रुतवलेलं पितळेचं पातेलं, पातेल्यात अर्धा शेर दूध. लोकांनी सहा हात लांब राहावं अशी सक्त ताकीद होती, कारण महाराजांचं तेज डोळ्यांना सोसत नाही.

"अग्नी म्हणजे काय? अग्नी म्हणजे अहंकार," महाराज सांगत होते. "लाकूड जळतं ते अहंकारानं. आमच्या दुधाला अहंकार लागत नाही."

कोणाला काही समजलं नाही, त्यामुळे सगळ्यांना पटलं.

महाराजांनी कमंडलूतलं तीर्थ पातेल्याभोवती ओतलं. चुलाण्यातून आधी बारीक सुस्कारा आला, मग फुसफुस, मग वाफेचा लोट. बबनरावानं धुपाटण्यात मूठभर धूप टाकून वाफ आणि धूर एक करून टाकले. थोड्याच वेळात दूध फुगलं, काठावर थबकलं आणि पूर्वेच्या अंगानं उतू गेलं. बायकांनी पदर पुढे करून नमस्कार केले. पोस्टातले एक कारकून रडले.

मोरीच्या भिंतीला पाठ लावून कोंडाजी गवंडी हे पाहत होता. घर त्यानंच बांधलेलं. सिमेंट परमिटावर, परमिट साहेबाच्या मर्जीवर, तेव्हा उद्धवरावांनी घर चुन्यात बांधायचं ठरवलं आणि कोंडाजीनं या परसातच खाच खणून चुना विरवला, बैलाच्या घाणीत मळला आणि भिंती उभ्या केल्या. कळीच्या, म्हणजे न विरलेल्या चुन्यावर पाणी पडलं की तो कसा सुस्कारतो हे कोंडाजी चाळीस वर्षं ऐकत आला होता. भर बाजारात माणूस आपल्या बायकोचा खोकला ओळखतो, तसा त्यानं तो पहिल्याच फुसफुशीला ओळखला. शिवाय मंगळवारी हाच बबनराव त्याच्या छपरातून भट्टीचा ताजा चुना दोन घमेली घेऊन गेला होता. मठाला रंग द्यायचाय म्हणाला होता. म्हणजे कैलास स्टेशनामागं, कोंडाजीच्या छपरात होता.

तरी तो बोलला नाही. आज वास्तूच्या शांतीला घराचा गवंडी म्हणून त्याचा मान होता. डोक्याला यजमानाचा नवा फेटा होता, ओच्यात यजमानाचा नारळ. ज्याच्या डोक्यावर यजमानाचा फेटा, त्यानं यजमानाच्या देवाला खोटं म्हणू नये, असा त्याच्या बिरादरीचा रिवाज. आणि दूधच तर तापलंय, त्यानं मनाशी म्हटलं. कोणाचं काय जातंय?

जाणार काय होतं ते पुढच्या अर्ध्या घटकेत कळलं.

हा सगळा घाट शालनसाठी होता. शालन म्हणजे उद्धवरावांची सून. मंडळी मूळची बार्शीकडची. उद्धवराव पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात स्टोअरला होते, मुलगा ज्योतीराम तिथंच प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायला. वर्षापूर्वी गृहप्रवेशाला शालननं दूध उतू घालवलं, ते दक्षिणेला सांडलं. चूल त्या अंगाला दोन बोटं कलती होती, एवढंच. पण चुलीला कोणी जाब विचारत नाही. मग शालननं परसात वाफे केले. मेथी पेरली, ती वितभर यायच्या आत पिवळी पडली. मिरची लावली, तिची पानं कडेनं जळाली. वांग्यांनी तर जमिनीबाहेर डोकंच काढलं नाही. पोरीनं आडाचं पाणी शेंदलं, शेण कालवून घातलं, पुन्हा पेरलं. पुन्हा तेच. शेजारच्या परसात दोडके मांडवावरून लोंबत असताना यांच्याकडे मातीवर पांढरट खपली. त्यात लग्नाला तीन वर्षं होऊन घरात पाळणा नाही. एवढं भांडवल आळीला वर्षभर पुरलं. मेथी आणि पाळणा यांचा एकमेकांशी संबंध काय, असं विचारणारा तिथं कोणी नव्हता.

दूध निवायच्या आत महाराज उठले आणि वाफ्यापाशी गेले.

"भूमी बोलेल," ते म्हणाले. "आम्ही मध्ये पडणार नाही."

बबनरावानं तांब्यात हळद कालवली. महाराजांनी आधी फाटकाबाहेरच्या मातीवर ते पाणी शिंपडलं. ते पिवळंच राहिलं. मग शालनच्या वाफ्यावर शिंपडलं. पाणी मातीला लागलं आणि बघता बघता लाल झालं. रक्तासारखं. गर्दीतून एकच सुस्कारा निघाला, चुलाण्यातून निघाला होता तसाच.

"जिच्या हातानं मेथी धरत नाही, तिच्या कुशीत काय धरणार?" महाराजांनी डोळे मिटले. "भूमीला हिचा स्पर्श सोसत नाही. आज सूर्य मावळायच्या आत हिनं उंबरा सोडावा. मुलाचं दुसरं बघावं."

दुसरी बायको करायला सरकारनं कायद्यानं बंदी घातली होती. महाराजांच्या पंचांगात तो कायदा छापलेला नव्हता.

यावर कोणी काही बोललं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवायला हवं. पोस्टातले कारकून रडायचे थांबले आणि मान डोलावू लागले. उद्धवराव आपल्या करंगळीतली अंगठी फिरवत राहिले. ज्योतीराम रोज भल्याभल्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बुरशीचा एकेक धागा तपासताना बघत होता. त्यानं आपल्या पायांचे अंगठे तपासले. मंजुळाबाई, म्हणजे सासूबाई, आत गेल्या आणि शालनची पत्र्याची ट्रंक बाहेर घेऊन आल्या. ट्रंक भरलेली होती. म्हणजे निकाल आधीच लागला होता. भूमीनं फक्त सही केली.

शालन रडली नाही. ती मोरीपाशी आली, पाय धुतले आणि कोंडाजीला हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला मातीतलं कळतं. माझं कुठं चुकलं? शेण कमी पडलं का हो?"

कोंडाजीच्या ओच्यातला नारळ एकदम जड झाला. कारण शेण कमी पडलं नव्हतं. गेल्या वर्षी घर पुरं झालं तेव्हा दुसरीकडचं काम खोळंबलं होतं, म्हणून त्यानं चुन्याची खाच उपसली नव्हती. उरलेल्या चुन्यासकट बुजवून वर चार बोटं माती लोटली होती. आणि बाग कुठं करू, असं याच पोरीनं विचारलं तेव्हा तीच जागा दाखवली होती, हितं खणाय मऊ हाय म्हणून. चुना खाचेत राहू देणाऱ्या गवंड्याला त्याच्या धंद्यात गवंडी म्हणत नाहीत. चिंचवडात त्या साली तीस घरं उठत होती, आणि हे बाहेर पडलं तर त्यातलं एकही त्याला मिळणार नव्हतं.

तो चुलाण्यापाशी गेला आणि त्यानं बबनरावाच्या हातातली पिशवी धरली. बबनरावानं ती छातीशी घट्ट धरली.

"सोड," कोंडाजी म्हणाला. "माझ्याच छपरातली हाय. पिशवीबी माझीच."

पिशवीत अजून पाच-सहा शेर खडे होते. कोंडाजीनं ते घमेल्यात ओतले, लोकांना लांब व्हायला सांगितलं आणि कारणही सांगितलं: डोळ्यात उडाला तर डोळा जातो. मग शालनकडून तांब्याभर पिण्याचं पाणी मागितलं, त्यात गूळ आणि चहाची पूड टाकली आणि तांब्या खड्यांत रुतवला. खड्यांवर ओतायला त्यानं मोरीतली बादली उचलली.

"हे तीर्थ न्हाई," तो म्हणाला. "भांडी धुतल्यालं पानी हाय. बघा चालतंय का."

सुस्कारा आला. फुसफुस आली. वाफेचा लोट आला. थोड्या वेळानं तांब्यातला चहा खदखदून काठावरून सांडला, आणि तो चारी दिशांना सांडला.

"थंडीच्या दिसात आमी गवंडी खाचेत बटाटे उकडतो," कोंडाजी म्हणाला. "माझा आजाबी उकडायचा. त्याला कुनी हार घातला न्हाई."

त्यानं फडक्यानं तांब्या उचलला, चहा कपात ओतला आणि महाराजांपुढं केला. महाराजांनी तो घेतला नाही, पण त्यांची जीभ अजून शाबूत होती. खडीत अग्नी कोणी ठेवला, परमेश्वरानंच ना, असं ते म्हणाले. आणि समजा दूध खडीनं तापलं. पण ही माती? मातीनं रक्त ओकलं ते कोणत्या खडीनं? लोक पुन्हा त्यांच्याकडे वळले. वळणाऱ्यांना फार कष्ट पडत नाहीत.

इथवर कोंडाजीचं काही गेलं नव्हतं. दुसऱ्याची लबाडी उघडी पाडायला पदरचं मोडावं लागत नाही. आता ते मोडायचं होतं. मग त्यानं डोक्यावरचा फेटा काढून मोरीच्या भिंतीवर ठेवला आणि फावडं उचललं.

"मंजुळावैनी," तो म्हणाला, "हे घर बांधताना मी परांचीवरनं पडलो तवा पायाला लेप कुनी दिला?"

"मीच दिला," मंजुळाबाई म्हणाल्या. "त्याचं काय आता?"

"कशाचा हुता?"

"कशाचा म्हणजे? हळद-चुन्याचा."

"रंग कसा आला हुता?"

मंजुळाबाई ट्रंकेची कडी चाळू लागल्या. मुका मार लागलेला जिथं एकही पाय नाही असं घर त्या गर्दीत नव्हतं. प्रत्येकीनं तो लेप हातानं खलला होता. पिवळी हळद आणि पांढरा चुना बोटांखाली लाल होताना वर्षानुवर्षं पाहिला होता. कित्येकींनी कपाळाला लावायचं कुंकूही तसंच घरी केलं होतं.

"लाल," अखेर मागून कोणीतरी बाई म्हणाली. मंजुळाबाई नव्हेत.

कोंडाजीनं वाफ्यात फावडं मारलं. पहिल्या घावाला माती निघाली. दुसऱ्याला लोण्यासारखा पांढराशुभ्र गोळा फावड्यावर आला, आणि त्यात मिरचीचं करपलेलं मूळ अडकलेलं होतं. त्यानं बबनरावाच्या तांब्यातलं उरलेलं हळदीचं पाणी त्यावर ओतलं. गोळा लालभडक झाला.

"ही माझी खाच," तो म्हणाला. "मी बुजवली. चुना काढला न्हाई. कामाची घाई हुती म्हून. या पोरीला जागा दावली तीबी मीच. चुन्यात मेथी यायची न्हाई, तुमच्या बापाच्यानंबी यायची न्हाई. हिच्या हाताला काय झाल्यालं न्हाई. माझ्या हाताला झाल्यालं हाय."

आता कोणाला वाटेल की लोकांनी महाराजांना धरलं असेल. तसं काही झालं नाही. महाराज मृगाजिन गुंडाळून सन्मानानं टांग्यात बसले. दोघातिघांनी वाकून नमस्कारही केला, उगाच शाप नको म्हणून. लोक उलटले ते कोंडाजीवर. असला कसला गवंडी, भिंती तरी टिकणार का, याला पुन्हा काम देऊ नका. उद्धवरावांना तर बाजीरावी जोर चढला. महाराजांपुढं जो आवाज फुटला नव्हता, तो गवंड्यापुढं खणखणीत फुटला. कोंडाजीनं सगळं ऐकून घेतलं. त्यातलं बरंचसं खरं होतं.

मग मंजुळाबाई ट्रंकेपाशी आल्या. "चल गं शालन," त्या म्हणाल्या, जणू पाहुणे उठले आणि आता पानं वाढायची आहेत. "आमटीला फोडणी घालायची राहिलीय. एवढी माणसं जेवायची आहेत."

शालन ट्रंकेवर बसली.

"आत्याबाई, माती लाल झाली ती चुन्यानं," ती म्हणाली. "ट्रंक भरलीत ती कशानं?"

आमटी त्या दिवशी बिनफोडणीची राहिली. ज्योतीरामानं बराच वेळ उभं राहून पाहिलं आणि मग कोंडाजीच्या हातातलं फावडं मागून घेतलं. चुना दोन हात खोल होता. तो संध्याकाळपर्यंत खणत होता. शालन ट्रंकेवर बसून ते पाहत होती. घरात जायचं की स्टेशनावर, हे ती ठरवत होती, आणि ते ठरवायचा हक्क त्या घरात पहिल्यांदाच तिच्याकडे आला होता. ती राहिली. पण त्या दिवसापासून ट्रंक माळ्यावर गेली नाही. दारामागं, हाताशी राहिली.

वाचकहो, चुना सापडला म्हणून शालन निर्दोष ठरली, असं ज्यांना वाटत असेल त्यांना काहीच कळलेलं नाही. चुना नसता, माती काळीभोर असती, आणि तरीही मेथी मेली असती, तरी काय? मेथीला कीड लागते, पाणी कमीजास्त होतं, बी जुनं असतं. मूल होत नसेल तर डॉक्टर आहेत, आणि तपासणीला दोघांनी जायचं असतं. या सगळ्याची कारणं शोधता येतात. वेळ लागतो, कष्ट पडतात, कधी आपलीच चूक निघते. त्यापेक्षा सून सोपी. ती घरातच असते, हाताशी असते, उलट बोलत नाही. महाराज तिच्यावर बोट ठेवतात कारण तुम्ही ते आधीच ठेवलेलं असतं.

हळद तुमच्या घरात आहे. चुना तुमच्या पानाच्या डब्यात आहे. डोळे तुम्हाला दोन आहेत. परसात काही वाळलं तर चमत्कार विचारायला जाऊ नका, फावडं घ्या. आणि घरातल्या बाईचं नाव तोंडावर आणण्यापूर्वी निदान एक वीत तरी खणून पाहा.