गॉगलमधली अक्षरं

पेणच्या एसटी स्टँडजवळ विशालचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. गेले नऊ महिने गिऱ्हाईक नसलं की तो एकाच कामाला लागायचा.

ड्रोनच्या शर्यतीत उडवणारा डोळ्यांवर गॉगल चढवून बसतो. त्यात ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र तेवढं दिसतं, बाकी जग बंद. फेरी किती सेकंदांत झाली हे कमानीपाशी ठेवलेला टायमर मोजतो आणि स्पीकरवर सांगतो. विशालच्या मित्राला, रितेशला, तो स्पीकर आता ऐकू येणार नव्हता.

रोह्याला दोघं एकाच कंपनीत होते. दर रविवारी मिळून ड्रोन उडवायचे. पैज लावली तर रितेशच जिंकायचा. विशालच्या मुलीचं बारसं होतं त्या दिवशी रितेशने त्याची शिफ्ट घेतली आणि त्याच दुपारी शेजारची वाफेची लाइन फुटली. जीव वाचला, दोन्ही कान गेले. मशीन लावूनही काही उपयोग झाला नाही. विशाल इस्पितळात एकदाच गेला आणि वॉर्डाच्या दारातूनच परतला. नंतर त्याने नोकरीही सोडली आणि पेणला हे दुकान टाकलं.

शेवटी जमलं. टायमरकडून आलेला आकडा गॉगलला जोडलेलं छोटं सर्किट पकडायचं आणि चित्राच्या कोपऱ्यात लिहून दाखवायचं. विशाल त्याच रविवारी निडीला रितेशच्या घरी पोचला.

रितेशची आई गिरजाबाई अंगणात पावटे सोलत होती. त्याला बघून तिचे हात थांबले.

“आता वाट सापडली व्हय तुला?” ती म्हणाली. “तो कोनाशी बोलत नाय. बघ तुझ्यासंगती येतो का.”

विशालने आत जाऊन गॉगल रितेशच्या हातात दिला आणि काय बनवलंय ते मोबाइलवर लिहून दाखवलं. रितेशने ते दोनदा वाचलं, गॉगल उलटापालटा करून पाहिला आणि चपला घातल्या.

गडब गावाजवळ कापणी झालेल्या शेतात त्यांच्या ड्रोन क्लबचा प्रणित आणि आणखी चार पोरं कमानी रोवून तयार होती. रितेश खुर्चीत बसला, गॉगल चढवला. विशाल लॅपटॉपपाशी गेला. गॉगलमध्ये मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून त्याने इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द टाइप केले : माफ कर. समोर उभं राहून हे त्याला कधीच जमलं नसतं.

रितेशने अक्षरं वाचली. मग तो बोलला, आणि आपला आवाज किती मोठा झालाय हे त्याला कळत नव्हतं. सगळं शेत ऐकत होतं.

“शिफ्ट मी माझ्या मर्जीनं घेतली रे! त्याचा राग मला कधीच नाय आला. नऊ महिने तू आला नाहीस, त्याचा हाय! रोज दाराकडं बघायचो मी!”

प्रणितने मान खाली घातली.

रितेशनेच ड्रोन हवेत उचललं. पहिली फेरी झाली तसा गॉगलमध्ये आकडा उमटला : एकोणतीस सेकंद. दुसरी, सत्तावीस. पोरांनी नकळत टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फेरीत वळणावर ड्रोन खाली बसत गेलं. मोटरचा आवाज पडला की हात आपोआप सावरतो. त्याच्या हाताला तो आवाजच पोचला नाही. ड्रोन बांधाला आपटून फुटलं.

त्याने गॉगल काढला. डोळ्यांखाली त्याचे वळ उठले होते.

“आकडे बरोबर दिसतात,” तो म्हणाला. “चांगलं केलंस. पन मोटर ऐकू येत नाय रे. दुसराच कोनतरी उडवतोय, असं वाटतं.” गॉगल त्याने प्रणितच्या हातात दिला. “तू वापर. माझ्यानं आता नाय व्हायचं.”

परतताना बाइकवर विशाल पुढे, रितेश मागे. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय, अशी विशालने स्वतःची समजूत घातली. निडीला घरापाशी उतरल्यावर रितेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“पुढच्या रविवारी ये. काय बनवून आनू नको. नुसता ये.”

विशाल “येतो” म्हणाला. मग भानावर येऊन त्याने मान डोलावली.