धाकटीची जास्तीची बटणं

थोरली जाऊ एका कार्यालयात बारा वर्षं टायपिंग करत होती. धाकटीला तिथे नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते, तेही थोरलीनं शब्द टाकला म्हणून. तरी हल्ली वार्षिक अहवालाचं काही निघालं की साहेब सरळ धाकटीच्या टेबलाकडे वळायचे, आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं.

नवं सॉफ्टवेअर आल्यापासून तर कहरच झाला. धाकटी फोटोच्या कडा छाटायची, चौकट द्यायची, सगळं चुटकीसरशी. थोरलीनं आपल्या स्क्रीनवरचं बटण न् बटण डोळ्यांत तेल घालून तपासलं. छाटायचं बटण कुठेच नाही! 'हिला साहेबांनी जास्तीची बटणं बसवून दिलीत,' असं तिच्या मनानं घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली, तशी ती धाकटीच्या खुर्चीत जाऊन बसली. अहवाल उघडाच होता. पण वरच्या पट्टीत तीच ओळखीची बटणं, एक कमी नाही की एक जास्त नाही. लपवून गेली की काय बया?

"काय शोधताय, ताई?"

धाकटी दारात उभी होती, हातात नुकताच धुतलेला डबा.

"ते... छाटायचं बटण," थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

धाकटीनं वाकून माउस धरला आणि फोटोवर क्लिक केलं. पट्टीत बटणांची नवी रांग आली. मग तिनं खालच्या मजकुरावर क्लिक केलं, रांग गायब.

"ज्याला हात लावाल, त्याच्याच कामाची बटणं वर येतात. फोटो धरला की फोटोची, तक्त्यात गेलं की तक्त्याची. मलाही दोन दिवस सापडत नव्हतं."

"ठाऊक आहे मला," म्हणत थोरली उठली. तिचे कान तापले होते.

दुपारभरात तिनं एकतीस फोटो छाटले. साहेब मागे येऊन थांबले. "अरे वा! कुणी शिकवलं?"

"माझं मीच शिकले."

दोन टेबलं पलीकडे धाकटीची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

संध्याकाळी घरी चहा घेताना धाकटी सासूबाईंना म्हणाली, "आज ताईंनी अख्ख्या अहवालाचे फोटो एकटीनं उरकले बरं का!"

थोरलीनं तिचा चेहरा नीट निरखला. टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. सासूबाई अगदी कौतुकानं बघत होत्या, पण धाकटीकडे.