झाकून ठेवलेलं ताट

मी डबा बोलतोय. डबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भाकरी-भाजी आली असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. मी आहे करड्या प्लॅस्टिकचा, डोक्यावर अँटेनाचा तुरा असलेला बिनतारी डबा. इंजिनिअर लोक मला भलंमोठं इंग्रजी नाव देतात. पण ज्या घरात मी जन्मलो, तिथल्या प्रभावतीबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हा कसला डबा आणलास ग?" आणि तेच नाव मला चिकटलं. मला ते आवडतं.

माझा जन्म कोल्हापूरच्या कसबा बावड्यातला, जेवणाच्या टेबलावरचा. मला घडवलं अपूर्वाने. ती प्रभावतीबाईंची एकुलती एक लेक. कोल्हापुरात शिकून इंजिनिअर झाली, पुण्याच्या एका कंपनीत लागली आणि घरून काम करायची मुभा मिळताच बाडबिस्तरा गुंडाळून बावड्याला परत आली. मग टेबलावर तारा, स्क्रू आणि मी असा पसारा मांडला गेला आणि घरची माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. त्यांनी ते सोसलं, म्हणून मी आज बोलतोय.

हवेतून बोलणाऱ्या यंत्रांची एक अडचण असते. दोन यंत्रं एकाच वेळी बोलली, की दोघांचंही बोलणं वाया जातं. कोल्हापूरकरांना हे पटवणं कठीण, कारण इथं चौघं एकदम बोलतात आणि चौघांनाही सगळं नीट ऐकू येतं. यंत्रांना ही देणगी नाही. त्यांना कुणीतरी सांगावं लागतं, आता तू बोल, तू जरा थांब. ते सांगायचं काम माझं आणि मला ते शिकवायचं काम अपूर्वाचं. थोडक्यात, तिचा धंदा पाळ्या लावण्याचा.

कंपनीत तिने मोबाईलच्या टॉवरसाठी हेच केलं होतं. टॉवरजवळच्या धट्ट्याकट्ट्या फोनना सारखी पाळी मिळायची आणि लांबचा क्षीण फोन ताटकळत बसायचा. अपूर्वाने त्या ताटकळण्याला वजन दिलं. ज्याने जास्त वाट पाहिली, त्याला पुढे घ्यायचं. हा तिचा पहिला शोध. त्याबद्दल कंपनीने काचेचं एक चकचकीत स्मृतिचिन्ह दिलं. प्रभावतीबाई त्याच्याखाली लाईटची बिलं ठेवतात.

अपूर्वाचे वडील कल्लाप्पा. शिरोळ तालुक्यात, नदीकाठच्या एका गावात त्यांचा उसाचा मळा. आठवडाभर ते मळ्यावरच्या घरात राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी बावड्याला यायचे. पाण्याची मोटर नदीला आणि मळा लांब, त्यामुळे मोटर चालू-बंद करायला चिखल तुडवत जावं लागायचं. अपूर्वाने मळ्यातल्या खांबावर एक छोटी डबी बसवली. डबीवर हिरवं बटण, तांबडं बटण, एक इवलासा दिवा आणि उन्हावर चालणारी बॅटरी. बटण दाबलं की डबी मला सांगणार, मी मोटरीला हुकूम देणार आणि 'ऐकलं बरं का' म्हणून डबीवरचा दिवा लावणार. मला उंचावरच्या एका गावात, शाळेच्या छतावर बसवलं. हळूहळू आजूबाजूच्या शेतकऱ्यांनीही डब्या घेतल्या. एवढी माणसं माझ्या भरवशावर होती, याचा मला फार अभिमान वाटायचा.

तो अभिमान लवकरच उतरला. एका डबीची तार उंदराने कुरतडली आणि ती मुकी झाली. वाट पाहणाऱ्याला पुढे घ्यायचं, एवढंच मला शिकवलेलं. ती डबी गप्प, म्हणजे तीच सगळ्यात जास्त ताटकळलेली, असं समजून मी तिच्याच दारात हाका मारत उभा राहिलो. बाकी सगळे खोळंबले. शेजारच्या मळ्यातल्या हंबीररावांनी अपूर्वाला फोन केला. तो फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"तुजा डबा झोपलाय काय ग? बटान दाबून दाबून अंगठा दुकाय लागला! मोटर काय बंद हुईना, रानाचं तळं झालंय सगळं!"

अपूर्वाने माफी मागितली आणि मला नवा नियम घातला. जो हाकेला ओ देत नाही, त्याला पंगतीतून उठवायचं. मी तो इमानेइतबारे पाळला. मग आभाळ भरून आलं. कल्लाप्पांच्या डबीची बॅटरी उतरली, ती गप्प झाली आणि मी तिला उठवलं. ऊन पडल्यावर ती पुन्हा बोलू लागली, पण मी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नियम म्हणजे नियम.

त्या शनिवारी मी तपासणीसाठी बावड्याच्या टेबलावर उघडा पडलो होतो. कल्लाप्पांना यायला उशीर झाला होता. हे घर जैनांचं, दिवस मावळल्यावर कुणी अन्नाला हात लावत नाही. प्रभावतीबाईंनी लेकीला वेळेवर जेवायला बसवलं, नवऱ्याचं ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकलं आणि स्वतः दाराकडे बघत राहिल्या. उन्हं पार कलली तेव्हा कल्लाप्पा आले, ते तक्रार घेऊनच.

"चार ढग काय आलं, तुज्या डब्यानं मला वाळीत टाकलं व्हय? मी काय मेलो व्हतो?"

"आधी बसा. मग भांडा," म्हणत प्रभावतीबाईंनी वरचं ताट काढलं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. कल्लाप्पा घाईने जेवू लागले. अपूर्वा मात्र हातातलं पाण्याचं भांडं तसंच धरून त्या ताटाकडे बघत बसली.

"आई, तू मला त्यांच्यासाठी थांबवलं नाहीस."

"कशाला थांबवू? तुला भूक लागलीती."

"आणि आण्णांचंही आवरून ठेवलं नाहीस."

"असं कसं आवरू? मी झाकून ठेवतो की. दिवस मावळला तरच उचलतो." आमच्याकडच्या बायका 'ठेवतो', 'उचलतो' असंच म्हणतात. बाहेरची माणसं गोंधळतात, आम्हाला त्यातच माया वाटते.

अपूर्वाने भांडं ठेवलं आणि माझ्या उघड्या पोटात पुन्हा डोकं घातलं. तिचा दुसरा शोध हा असा लागला. जो ओ देत नाही त्याच्यासाठी पंगत अडवायची नाही, पण त्याला उठवायचंही नाही. बोलण्याच्या वेळेत एक बारीकशी फट मोकळी ठेवायची, त्या फटीतून त्याला हळूच हाक मारत राहायचं आणि तो परतला की त्याचं आधी ऐकायचं. माझ्या आत तिने त्या नियमाला नाव दिलं, 'झाकलेलं ताट'.

कंपनीने माझ्यासारखे डबे विकायला काढले होते, पण तिथल्या साहेबांना हा नियम रुचला नाही. ती फट बहुतेक वेळ रिकामीच असणार, म्हणजे तेवढा वेग कमी. विकायच्या डब्यांमध्ये वेगाचा आकडा मोठा दिसायला हवा होता. अपूर्वा फोनवर तासन्‌तास भांडली, तिने समजावून पाहिलं आणि शेवटी ती हरली. विकायच्या सगळ्या डब्यांतून तिने तो नियम काढला. माझ्यावर मात्र हात ठेवून म्हणाली, "तू घरचा आहेस. तुझ्यात असू दे." तिच्या त्या एका वाक्याचे उपकार मी कसे फेडू, मला अजून कळलेलं नाही.

मग पूर आला. आमच्याकडे पूर नवा नाही, पण त्या खेपेला पाणी रातोरात चढलं. कल्लाप्पा म्हशी सोडायला म्हणून मळ्यावर थांबले आणि त्यांचा फोन लागेनासा झाला. सकाळी अपूर्वा आईला गाडीत घालून निघाली, पण माझ्या गावाच्या पुढे रस्ताच उरला नव्हता. दोघी शाळेत येऊन थांबल्या. वर्गावर्गात पूरग्रस्त माणसं होती आणि छतावर पुन्हा बसवलेला मी.

मोबाईलचे टॉवर बंद पडले होते. डब्या एकामागून एक मुक्या होत गेल्या. मी बोलत्यांचं ऐकत होतो आणि त्या बारीक फटीतून मुक्यांना हाका मारत होतो. सगळ्यांत जास्त हाका कल्लाप्पांच्या डबीला मारल्या. उत्तर नव्हतं.

खालच्या वर्गात अपूर्वा लॅपटॉप मांडीवर घेऊन माझं बोलणं वाचत बसली होती. बचावाची बोट एकच होती आणि मळे कितीतरी. बोट चालवणारा कृष्णात दारात येऊन म्हणाला, "ताई, तुमच्या मळ्याकडं पाण्याला लई ओढ हाय. तिथं माणूस हाय का, आन् नेमका कुठं हाय, ते कळल्याबिगर बोट घालता येणार न्हाई. हिकडं छपरावर बसलेली माणसं दिसाय लागल्यात."

त्याचं बरोबर होतं. अपूर्वा पुन्हा लॅपटॉपकडे वळली. प्रभावतीबाईंनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला, शाळेतलं एक ताट धुऊन घेतलं, भाकरी आणि चटणी वाढली आणि त्यावर दुसरं ताट झाकलं. शेजारची एक बाई म्हणाली, "तुमी तर जेवा. सकाळपास्नं पोटात काय न्हाई."

"जेवतो की. हे आल्यावर जेवतो," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून आभाळाकडे बघू लागल्या. सूर्य दिसतच नव्हता. दिवस किती उरला, हे आभाळाच्या रंगावरून ओळखायचं.

तो रंग काळवंडायला लागला आणि माझ्या फटीत काहीतरी हललं. आधी खरखर, मग दिवसभराच्या अंधुक उजेडावर जेमतेम जाग्या झालेल्या कल्लाप्पांच्या डबीची अगदी क्षीण ओ. बाकीच्या डब्या बोलायच्या थांबल्या नव्हत्या, पण मी तिचं आधी ऐकलं. मला तसंच शिकवलं होतं. लॅपटॉपवर अक्षरं उमटली, 'मोटर चालू'.

मागे उभे असलेले हंबीरराव मोठ्याने हसले. "आरं, पुरात कुणाला पानी कमी पडलंय?"

मग ते स्वतःच वाकून पडद्याकडे बघू लागले. 'मोटर बंद'. पुन्हा 'मोटर चालू'. पुन्हा 'बंद'.

"आण्णा!" अपूर्वा ओरडली. "आण्णाच आहेत! खांब तर कधीच बुडाला. म्हणजे डबी त्यांनी काढून वर नेलीय. घराच्या गच्चीवर आहेत ते!"

तिने मला हुकूम दिला, दिवा लाव. मी लावला. पलीकडे, पाण्याने वेढलेल्या गच्चीवर तो इवला दिवा पेटला आणि कल्लाप्पांना कळलं, की आपलं ऐकणारं कुणीतरी आहे. ते नंतर सांगायचे, डबी पोटाशी धरून बसलो होतो, ती जिवंत झाल्यासारखी वाटली की बटणं दाबत होतो. दिवा लागला तेव्हा एवढा मोठा माणूस एकटा बसून रडला. हे ते कुणालाही न लाजता सांगतात.

कृष्णात तोवर बोटीकडे धावला होता.

बोट परतली तेव्हा अंधार पडला होता. कल्लाप्पा चिंब भिजलेले, दोघांच्या आधाराने वर्गात आले. प्रभावतीबाई उठल्या. रडल्या नाहीत. पदराने त्यांचं डोकं पुसत राहिल्या. कल्लाप्पांचं लक्ष त्या झाकलेल्या ताटाकडे गेलं.

"दिवस मावळला की ग," ते म्हणाले.

"असू दे की. सकाळी ताजं करून घालतो. तुमी आलासा, माजं पोट भरलं."

मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या कृष्णातला हाक मारली. तोही भिजला होता आणि दिवसभर उपाशी होता. त्याच्यापुढे त्यांनी ते ताट ठेवलं. "आमाला आता चालत न्हाई बाबा. तू जेव. तुजंच हाय हे." कृष्णात मान खाली घालून जेवला आणि मध्येच त्याला हुंदका आला.

पुढचं थोडक्यात सांगतो. अपूर्वाने साहेबांना सगळं कळवलं आणि या खेपेला तिला भांडावं लागलं नाही. साहेब स्वतः बावड्याला आले, घरातलं ते झाकायचं ताट बघायला मागितलं, त्याच ताटात जेवले आणि विकलेल्या प्रत्येक डब्यात तो नियम परत घालायला सांगून गेले. सरकारदरबारी त्या शोधाची नोंद झाली तेव्हा कागदावर लांबलचक इंग्रजी नाव लागलं. घरात मात्र आम्ही त्याला 'ताट'च म्हणतो.

मी आता थकलोय. पुराच्या ओलाव्याने माझ्या पोटात गंज धरला आणि शाळेच्या छतावर माझ्या जागी तरणाबांड डबा आला. अपूर्वाने मला भंगारात घातलं नाही. बावड्याच्या स्वयंपाकघरात, डाळ-तांदळाच्या डब्यांच्या रांगेत तिने मला जागा दिली. प्रभावतीबाई त्यांच्यासोबत मलाही पुसतात. यापेक्षा जास्त मान कुठल्या यंत्राला मिळाला असेल, असं मला वाटत नाही.

कल्लाप्पा आता बावड्यालाच असतात. शनिवारी उशीर करते ती अपूर्वा. तिचा व्याप वाढलाय, पुण्याच्या फेऱ्या वाढल्यात. आजही शनिवार आहे. उन्हं कलली आहेत आणि ती फोन उचलत नाही. पाळ्या लावणारी माझी ती हुशार पोर आपल्याच आईची पाळी अधूनमधून विसरते. प्रभावतीबाईंनी तिचं ताट वाढून झाकून ठेवलंय आणि दोघं म्हातारी दाराकडे बघतायत.

तेवढ्यात कल्लाप्पांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून निरोप वाचला आणि हसत बायकोपुढे धरला. त्यात दोनच शब्द होते, 'मोटर चालू'.

"येतीया," प्रभावतीबाई म्हणाल्या आणि आमटी गरम करायला उठल्या.

मी आता कुणाला हाक मारू शकत नाही, म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्यासाठीही कुठेतरी कुणीतरी ताट झाकून बसलेलं असेल. उशीर झाला तर होऊ दे, पण दिवस मावळायच्या आत त्यांना तेवढं कळवा. मोटर चालू आहे म्हणावं.