व्याप्तीचं तिसरं कलम

शिरे गणित पत्रिका एक्केचाळीस वर्षं निघत होती आणि एवढ्या काळात एकाही वाचकाने तिच्याविरुद्ध तक्रार केली नव्हती. वाचक असता तर केली असती, असं डीन लुसुंगु कालिलोम्बे यांचं मत.

जानेवारीत एका सकाळी ते झोम्ब्याच्या विद्यापीठातल्या गणित विभागात आले आणि संपादक नाचिसाले म्बेवे हिच्यासमोर एक कागद ठेवला.

"डॉक्टर म्बेवे, दोन वर्षांत तुम्ही छापलेत छत्तीस लेख. दुसऱ्या पत्रिकांनी तुमच्या पत्रिकेचा उल्लेख केला चार वेळा. चार भागिले छत्तीस."

"पॉइंट अकरा," नाचिसाले म्हणाली.

"पॉइंट एक एक एक," खिडकीतून आवाज आला. "आणि पुढे न संपणारे एक. अकरावर थांबलीस म्हणजे गळा कापलास त्याचा."

हे प्रोफेसर झिम्बा. पत्रिका त्यांनीच काढली होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण ही बातमी त्यांनी अजून मनावर घेतलेली नव्हती. रोज आठला यायचे, खिडकीत बसून चहात तळलेली गोड मांदासी बुडवायचे आणि सगळ्यांच्या चुका काढायचे.

"पॉइंट तीस हवेत," डीन म्हणाले. "डिसेंबरात यंदाचं आणि गेलं वर्ष धरून पुन्हा मोजणार. नाही जमलं तर पत्रिका बंद. ही खोली झेरॉक्स मशीनला देऊ."

"अरे लुसुंगु, बीजगणितात तुला मी दोनदा नापास केलं, त्याचा राग आहे का हा?"

"तीनदा, सर," डीन म्हणाले आणि निघून गेले.

नाचिसालेचं तोंड उतरलं. तिचं पहिलं प्रमेय याच पत्रिकेत छापून आलं होतं. आईने ते पान फ्रेम करून टीव्हीच्या वर टांगलं होतं, उलटं. आणि संपादक होऊन पाच महिने होतात न होतात तोच पत्रिका तिच्या हातात मरायला टेकली होती.

"सर, आपण व्याप्ती वाढवू," ती म्हणाली. "मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही, तर प्रवाशाने किती वेळ थांबावं, असा एक सुंदर लेख आलाय. लोक त्याचा उल्लेख करतील."

"लोक? आपली पत्रिका शुद्ध गणिताची आहे, बाई. उपयोग होण्याचा धोका असलेलं काहीही आपण घेत नाही."

"मग लेख कमी छापू. खालचा आकडा लहान झाला की भागाकार वाढेल."

"एकही नको छापूस. शून्य भागिले शून्य. लुसुंगुला सांग, काढ आता उत्तर."

त्या आनंदात त्यांनी आणखी दोन मांदासी खाल्ल्या. तेवढ्यात नाचिसालेला आठवलं, विद्यापीठाने पत्रिकेची व्याप्ती, म्हणजे कुठले विषय घेणार तेही, स्वच्छ शब्दांत मागितली होती. झिम्बांनी लगेच कागद ओढला. चार ओळी पुरल्या असत्या. त्यांनी व्याख्या लिहिली.

कलम पहिलं: पहिल्या अंकातला प्रत्येक लेख व्याप्तीत आहे. कलम दुसरं: व्याप्तीतल्या लेखाच्या शेजारचा लेखही व्याप्तीत आहे. कलम तिसरं: म्हणून मासे, शेळ्या आणि मिनीबस या पत्रिकेत कधीही शिरू शकत नाहीत. सिद्धता स्पष्ट आहे.

ते पान नव्या अंकाच्या सुरुवातीला छापलं.

तीन आठवड्यांनी कंपालाहून एका बाईंचं पत्र आलं. तिसरं कलम साफ चूक आहे. पहिल्या अंकातल्या मूळ संख्यांपासून निघून, शेजारच्या शेजारी पाऊल टाकत, त्या घड्याळाच्या गणितावर गेल्या होत्या, तिथून फरश्यांवर, फरश्यांवरून गोल रचण्यावर, गोलांवरून टोपलीत मासळी रचण्यावर, आणि अकराव्या पावलाला थेट उसिपा ही सरोवरातली चिमुकली मासळी वाळवण्यावर पोचल्या होत्या.

झिम्बांनी पत्र तीनदा वाचलं. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसले.

नाचिसालेने बाईंना शांतपणे उत्तर धाडलं. आम्ही पत्रं छापत नाही, कृपया लेख लिहावा. मात्र व्याप्तीबद्दलचा लेख आमच्या व्याप्तीत बसत नाही, तेव्हा तो दुसरीकडे छापावा.

गणितवाल्यांचा लेख छापून यायला दोन वर्षं लागतात. पण दुसऱ्याची चूक दाखवायची असली की सहा आठवड्यांत होतं. एप्रिलात बाईंचा लेख आला, आणि तळाशी पहिलाच उल्लेख: शिरे गणित पत्रिका, व्याप्ती, पान एक. जूनमध्ये डाकारच्या एकाने अकराची सात पावलं केली. ऑगस्टात वॉर्साच्या गृहस्थांनी सिद्ध केलं की सहात मासळीपर्यंत पोचणं अशक्य आहे, फार तर शेळीपर्यंत जाता येईल. त्यांच्यामागून आणखी काही जण आले, आणि सप्टेंबर संपला तेव्हा सगळे मिळून नऊ उल्लेख झाले होते. पॉइंट तीसला अकरा हवे होते.

आणि झिम्बा शुद्धिपत्र घेऊन उभे राहिले.

"हे पुढच्या अंकात जाणार."

"सर, चूक दुरुस्त झाली की लोक लिहायचे थांबतील. दोनच कमी आहेत हो. जानेवारीत छापू की!"

"म्हणजे चूक आहे हे माहीत असून तीन महिने तशीच ठेवायची? मग खोली झेरॉक्सलाच देऊन टाक. ते निदान जसं असेल तसं छापतं."

नाचिसालेने दोन दिवस तो कागद या खणातून त्या खणात हलवला. कुठल्याच खणात तो चूक ठरेना. बरोबर होता हीच अडचण होती. तिसऱ्या दिवशी तिने मुकाट्याने तो छापायला पाठवला आणि बाहेर जाऊन जॅकरंडाखाली जरा रडून घेतलं.

शुद्धिपत्रात झिम्बांनी 'शेजारचा'च्या जागी 'अगदी शेजारचा' केलं होतं. सिद्धता याही वेळी स्पष्ट होती.

नोव्हेंबरात वॉर्साच्या गृहस्थांनी दाखवून दिलं की या नियमाने मासळी बाहेर जाते खरी, पण गेल्या दोन वर्षांतले छत्तीसही लेख बाहेर जातात, आणि खुद्द प्रोफेसर झिम्बांचं हयातभराचं कामही. मग डाकारवाल्यांना राहवलं नाही. मग कंपालाला, आणि मग ज्याला त्याला. झिम्बांनी तीन दिवस चहाला हात लावला नाही.

डिसेंबरात डीन आले. "किती?"

"एकोणीस भागिले छत्तीस," नाचिसाले म्हणाली. "पॉइंट पाच दोन सात, आणि पुढे न संपणारे सात."

खिडकीतून काहीच दुरुस्ती आली नाही. तिच्यासाठी तो पदवीदानाचा क्षण होता.

"लेखांचे उल्लेख किती?"

"दोन."

"आणि सतरा?"

"व्याप्तीच्या पानाचे नि शुद्धिपत्राचे."

"ते लेख आहेत?"

"छे! म्हणून तर छत्तीसात धरले नाहीत. खाली मोजायचे फक्त लेख, वर मोजायचा पत्रिकेचा कुठलाही उल्लेख. नियम तुमचाच आहे, सर."

डीननी आपलाच कागद उभा, आडवा आणि मागून वाचला. "पुढच्या वर्षी पॉइंट साठ," ते म्हणाले आणि झेरॉक्स मशीन कुठे ठेवावं या विवंचनेत निघून गेले.

टपालात एक जाड पाकीट होतं. सरोवराकाठच्या मच्छीमार खात्यातल्या एका कारकुनाने उसिपा किती वेळ वाळवावी यावर अठ्ठावीस पानं लिहिली होती. पाकिटाला वास होता. नाचिसालेने ते लांब धरलं.

"परत पाठवू?"

झिम्बांनी चष्मा लावला, पानं चाळली, बोटांवर जुन्या नियमाची पावलं मोजली. सातव्या बोटाला थांबले.

"पोचतो," ते म्हणाले. "घे छापायला. आणि मला कोरा कागद दे. कलम चौथं लिहायचंय."

"सिद्धता?"

"स्पष्ट आहे," झिम्बा म्हणाले आणि मांदासी चहात बुडवली.