करड्या घोडीच्या पायावरचा नमदा

टक्. चुलीवरच्या चहाच्या पातेल्याचं झाकण एकदाच उडालं आणि घरातली शांतता मोडली. बाहेर त्याहून मोठी शांतता होती. दारात ऐंशी मेंढ्या होत्या, पण ओरडण्याइतकंही त्राण कुणात उरलं नव्हतं.

मित्रांनो, मंगोलियातल्या मेंढपाळांच्या गोल घरातला मी एक जुना नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेला जाड पट्टा आहे. नावाने नमदा, पण इथे मला सगळे 'आई' म्हणतात. उन्हाळा सरता सरता मला गवतावर पसरायचे, माझ्यावर पिंजलेली लोकर अंथरून पाणी शिंपडायचे, मग दांडक्याभोवती गुंडाळून घोड्यामागून माळभर लोळवायचे. उलगडलं, की माझ्या अंगावर नवा नमदा निजलेला असायचा. ती माझी लेक. अशा अकरा लेकी मला झाल्या. या घराचं छप्पर, भिंती, दार, सगळ्या माझ्याच. त्या दिवशी माझं केवढं कौतुक! उरलेलं वर्ष मात्र मी पेटीमागे पडलेला. धूळ झटकायलाही कुणी यायचं नाही. पण एक मान होता. आई-नमद्याला कात्री लावायची नाही.

त्या वर्षी भर थंडीत पाऊस पडला आणि पडल्या पडल्या गोठला. कुरणावर काच पसरल्यासारखा बर्फ. खाली गवत दिसायचं, पण तोंडाला यायचं नाही. मेंढ्यांच्या खुरांना तो फुटेना. करडी घोडी तेवढी पुढच्या पायांनी फोडायची आणि मेंढ्या तिच्या मागून चरायच्या. सहाव्या दिवशी तिच्या नडग्या बर्फाच्या धारेने कापल्या. गाभण जीव तो. दारात उभी राहिली ती हलेचना.

"आणखी दोन दिवस ही चालली नाही, तर कळप गेला म्हणून समज," घरधनी गाल्सान दारातून म्हणाला.

त्याची बायको दुलमा घरभर बघू लागली. मोकळा होता तेवढा नमदा मेंढ्यांच्या पाठींवर केव्हाच बांधून झाला होता. छप्पर तर काढता येत नव्हतं. तिची नजर माझ्यावर आली, आणि लगेच सासूवर गेली.

खंडमाआजी चहा फुंकत होती. "माझ्याकडे काय बघतेस? मी काही घोडीच्या पायाला बांधण्याजोगी नाही."

"आई, तुमच्या सासूबाईंचा आहे तो."

"ठाऊक आहे. जिवंत होती तोवर मला हात लावू दिला नाही खडूस बाईने. आण ती कात्री."

"अहो, पण पुढच्या उन्हाळ्यात नवा नमदा कशावर करायचा?"

"लोकर असली, तर शेजारणीची आई मागून आणू. मेंढ्याच नसल्या, तर हिला काय मांडीवर घेऊन थोपटत बसू?"

कात्री बोथट होती. आजीचं तोंड अखंड चालू होतं, मला धीर द्यायला की स्वतःला, कोण जाणे. माझ्या चार पट्ट्या झाल्या. दुलमाने बर्फात गुडघे टेकून त्या घोडीच्या पायांना गुंडाळल्या. मला घोडीचं रक्त लागलं. ते गरम होतं.

मित्रांनो, जनावर दुखलं म्हणून सांगायला येत नाही. निमूट उभं राहतं. तुमच्या दारी असेल, तर दिवसातून एकदा तरी खाली वाकून त्याचे पाय बघत जा.

घोडीने पाय उचलला, खाली आणला. कच्! बर्फाची धार माझ्यावर बसली, तिच्यावर नाही. मेंढ्या धावल्या. तिची मान खाली जाईपर्यंत जागा साफ. ती चार पावलं पुढे गेली. पुन्हा कच्, पुन्हा मेंढ्या.

पट्टी सैल झाली म्हणून दुलमा पुन्हा वाकली. तिच्या कोटाला धरून पाच वर्षांची निंजिन उभी होती. घोडीकडे बघत होती.

"आई, फोडते ती. खातात मेंढ्या. मग ती कधी खाते?"

दुलमाने गाठ आवळली आणि पुढच्या फुटलेल्या जागेतलं मूठभर गवत मेंढ्यांच्या आधी उपटून घोडीच्या तोंडाशी धरलं.