गुऱ्हाळाला आहेर

सारजाबाईशी भांडायचं असेल तर आधी पोटभर जेवून यावं, असं वस्तीवर म्हणत. भांडण लवकर आटपत नसे ना! नवरा रोहिदासआप्पा म्हणजे गरीब गाय. घरात जेवढं बोलायचं तेवढं सारजाबाईनंच बोलायचं, असं लग्नातच ठरल्यासारखं होतं. केडगावाच्या पलीकडं, कालव्याच्या अंगाला त्यांचं रान. तिथं कांदा सगळेच लावतात, पण सारजाबाईचा कांदा तो सारजाबाईचाच. लालबुंद, घट्ट, आणि साठवणीच्या चाळीत ठेवला तर दिवाळीपर्यंत मान न टाकणारा. निम्मी वस्ती तिच्याकडूनच बी नेई.

ते बी काही दुकानातल्या पुडीतलं नव्हतं. चाळीतले चांगले कांदे निवडायचे, दिवाळीनंतर पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना दांडे फुटतात, दांड्यावर पांढरे गोंडे उमलतात आणि गोंड्यात काळं बी धरतं. पण हे बी मोठं नाजूक. वर्ष उलटलं की उगवायचं नाव काढत नाही, म्हणून दर साली नवं धरावंच लागतं. गेल्या साली गारपिटीनं नेमके गोंडेच झोडपले आणि घरात बियाचा दाणा उरला नाही. चाळीत होते तेवढे कांदे तिनं यंदा बियाण्याला लावून टाकले. खायला बाजारातनं कांदा आणला, बोला! सारजाबाईच्या घरात विकतचा कांदा! आता हे गोंडे भरले नाहीत तर हा कांदा संपला, पुन्हा कुठं मिळायचा नव्हता.

संक्रांत झाली आणि गोंडे फुलले. पांढरंशुभ्र रान, बघत राहावं असं. पण सारजाबाई बांधावर उभी राहिली आणि कान देऊन ऐकायला लागली. रानात आवाज नव्हता. एरवी या दिवसांत गोंड्यांवर आग्या माश्यांची अशी झुंबड असे की बांधावरून घूं घूं ऐकू यावं. एका फुलातली धूळ दुसऱ्या फुलाला नेऊन लावायची ती माशीनंच. माशी नाही तर बी नाही.

मग नजर गेली विजेच्या तारेवर. तिथं हिरवे वेडे राघू ओळीनं बसलेले. हवेतल्या हवेत माशी धरायची, तारेवर आपटायची आणि गिळायची, हा त्यांचा धंदा. झालं! चोर सापडला. सारजाबाईनं माळ्यावरची गोफण काढली, चकाकत्या पट्ट्या बांधल्या, पत्र्याचा डबा बडवून बडवून आप्पांचं डोकं उठवलं. राघूंच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. शेवटी बिचारे कंटाळून निघून गेले. पण माश्या काही आल्या नाहीत. आप्पा हळूच म्हणाले, की माश्या असत्या तर राघू थोडेच असे उपाशी बसले असते. नवऱ्याचं बरोबर निघालं की सारजाबाईला ऐकू येत नसे.

मग खताच्या दुकानात कुणी सांगितलं, गुळाचं पाणी फवारा, माशी वासानं येती. सगळेच फवारतात. लेकीच्या घरून संक्रांतीला आलेली गुळाची ढेप होतीच. लेक स्नेहल दिलेली होती तीन शेतं पलीकडं, जयसिंगरावांच्या घरात, आणि त्यांचं गुऱ्हाळ म्हणजे त्या भागातलं मोठं. सारजाबाईनं गूळ विरघळवला, घाईघाईनं फडक्यातून गाळला आणि आप्पांच्या पाठीवर पंप चढवला.

आणि माश्या आल्या की! सारजाबाई आनंदानं टाळ्या पिटणार, तेवढ्यात तिनं नीट बघितलं. माश्या पातीवर बसत, गूळ चाटत, ढेकर दिल्यासारख्या घटकाभर थांबत आणि उडून जात. फुलाकडं बघायला तयार नाहीत. मागून मुंग्यांची पलटण आली ती वेगळीच. तिनं डोक्याला हात लावला आणि चरफडत गाळायचं फडकं धुवायला बसली. फडकं उलगडलं तर त्यात पंख. माश्यांचे पंख, पाय, एक अख्खी माशी. सगळी गुळातून निघालेली.

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गूळ म्हणजे तरी काय? वर्षभर उसानं पिऊन ठेवलेलं ऊन, काहिलीत आटवून घट्ट केलेलं. कांद्याचं फूलही तेच ऊन ठेवतं, पण थेंबभर, आणि त्या थेंबासाठी माशीनं दारोदार हिंडायचं. पलीकडं काहिलीभर आयतं उघडं असताना थेंबासाठी कोण मरायला येतंय? "माझ्या माश्या गुळात बुडून मरत्यात," ती आप्पांना म्हणाली, आणि पदर खोचून उठली. मग पुन्हा बसली.

कारण गुऱ्हाळ दुसऱ्या कुणाचं असतं तर तिनं तिथं जाऊन असा दंगा केला असता की केडगाव स्टेशनावर ऐकू गेला असता. पण गुऱ्हाळ व्याह्याचं होतं. लेकीच्या सासरी आवाज चढवायचा नसतो. चढवला तर आपण घरी येतो, आणि लेक तिथंच राहते.

तरी गेली, गोड तोंड करून. गुऱ्हाळावर रस उकळत होता, आणि त्या वाफेभोवती माश्यांचा नुसता कल्लोळ. काहिलीवर येणारी मळी काढून पिंपात टाकलेली, त्या पिंपात मेलेल्या माश्यांचा थर. गूळ रांधायला युपीहून आलेल्या गुळव्याचा एक डोळा सुजून बंद झालेला. सारजाबाईनं आपल्या हिंदीत विचारलं, "भाऊ, तुम्हारे डोळे को क्या हुआ?" तो म्हणाला, "मक्खी ने काटा, माई. रोज काटती है."

जयसिंगरावांनी खुर्ची दिली, रसाचा तांब्या दिला, आणि वर अभिमानानं सांगितलं की आता या माश्यांचा कायमचा बंदोबस्त करणार. कालव्यावरच्या उंबराला मोहळं लागलीत, तिथूनच येतात सगळ्या. माणूस ठरवलाय, आज संध्याकाळी टेंभा लावून मोहळं जाळायची.

सारजाबाईनं तांब्या खाली ठेवला. मोहळं जळाली म्हणजे सगळंच संपलं. रडू येत होतं, शिव्याही येत होत्या, आणि दोन्ही गिळायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"आज नगा जाळू, पाव्हणं. गुरवारी आमचा आहेर यायचाय तुमच्याकडं. आहेर येनार आन् माश्या चवताळलेल्या, बरं दिसंल का?"

जयसिंगराव चपापले. कशाचा आहेर, हे विचारणं बरं दिसेना. स्नेहलकडं बघितलं, तर तिनंही आईचा चेहरा ओळखून मान खाली घातली. लेकीच्या माहेरून आहेर म्हणजे गोड बातमीच असणार, अशी त्यांनी आपल्या मनाशी गाठ मारली आणि टेंभ्याच्या माणसाला निरोप धाडला, गुरुवारनंतर ये.

घरी येऊन सारजाबाईनं पहिलं काय केलं, तर रोपवाटिकेवरची हिरवी शेडनेट उतरवायला घेतली. आप्पा घाबरून म्हणाले, अगं उन्हाळ्यात रोपावर सावली कशाची करायची? "बी न्हाई तर रोप कशाचं करनार?" एवढंच ती म्हणाली. मग वस्तीवर फिरली. जे जे तिचं बी नेत त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, माश्या वाचवायच्या असतील तर जुनी नेट काढा. कुणी टोमॅटोवरची दिली, कुणी शेवंतीवरची. ठिगळं होती, भोकं होती. अंगणात बसून बायकांनी दाभणानं आणि सुतळीनं ती जोडली. हसून हसून बायकांच्या पोटात दुखायला लागलं, कारण हा आहेर आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. जयसिंगराव सोडून.

गुरुवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आहेर निघाला. पुढं हलगी. ट्रॉलीत परकराच्या कापडात गुंडाळलेलं भलंमोठं गाठोडं, त्यावर हळदीकुंकू, नारळ, खण. जयसिंगराव फेटा बांधून उभे. घरच्यांनी नातवाचा पाळणा डोळ्यांपुढं आणलेला. सारजाबाईनं त्यांना कुंकू लावलं, नारळ हातात दिला आणि गाठोडं सोडलं. आतून निघाली हिरवी, ठिगळांची जाळी. हलगीवालासुद्धा थांबला.

जयसिंगराव म्हणाले, "विहीणबाई, ह्ये काय?"

"आहेर. तुमच्या गुऱ्हाळाला," सारजाबाई म्हणाली. हात जोडलेले, पण नजर वर. "तुमच्या माश्या म्हंजी माझं बी हाय, पाव्हणं. त्या मेल्या तर आमचा कांदा गेला. आन् तुमचा गूळ माश्यांच्या पायासकट विकताय कवापासनं, ते मी कुनाला सांगितलं न्हाई. आता आहेर आलाय. आहेर आला की लगीच नेसून दाखवायचा असतो. नेसवा तुमच्या गुऱ्हाळाला."

आहेर परत करणं म्हणजे व्याह्यांचा अपमान, आणि तोही चारचौघांत, हलगी वाजवत आलेल्यांचा! जयसिंगरावांच्या मिशा हलायला लागल्या. लोकांना वाटलं, आता भडकणार. पण माणूस हसायला लागला तो थांबेचना. फेटा सुटला. डोळ्यांतून पाणी आलं. गुळव्यानं एका डोळ्यानं जाळी बघितली आणि सगळ्यांच्या आधी त्यानंच एक टोक उचललं.

मग काय विचारता! काहिलीखालच्या चुलवणाच्या तोंडाकडं जाळी वितळेल, म्हणून त्या बाजूला पत्रे लावायचं गुळव्यानं सुचवलं. वाफेला वर वाट ठेवली. स्नेहलनं सासऱ्यांना, "मामा, मळीच्या पिंपांना पन झाकनं पाह्यजेत," असं सांगून टाकलं, आणि सांडलेला रस रोज धुवायची शिस्त तिनंच लावली. संध्याकाळपर्यंत गुऱ्हाळ हिरवं पातळ नेसून उभं राहिलं. पाळण्याचं काही नाही हे कळल्यावर सासूबाई थोड्या हिरमुसल्या, पण पुरणपोळ्या झालेल्याच होत्या, त्या सगळ्यांनी खाल्ल्या. टेंभ्याच्या माणसालाही जेवायला बोलावलं आणि मोहळं जाळायची नाहीत म्हणून सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी माश्या जाळीवर धडका मारत राहिल्या. सारजाबाईच्या रानात शुकशुकाट. तिसऱ्या दिवशीही तेच. गोंड्यांतली पहिली फुलं एव्हाना सुकत चालली होती, आणि सारजाबाई कुणाशीच भांडेना, म्हणून आप्पांना भलतीच काळजी लागली.

पुढं एका सकाळी आप्पा बांधावरून पळत आले. आयुष्यात पहिल्यांदा पळाले असतील. हात धरून तिला रानात घेऊन गेले. रान घुमत होतं. प्रत्येक गोंड्यावर माश्या, एक उठते तोवर दुसरी बसते, पायांना पिवळी धूळ माखलेली. सारजाबाई मधोमध जाऊन उभी राहिली. तिच्या पदरावर, केसांवर माश्या बसल्या आणि एकही चावली नाही. इतका आनंद तिला लेकीच्या लग्नातही झाला नव्हता, असं तिनं नंतर स्वतःच सांगितलं, आणि स्नेहल त्यावरून आठवडाभर रुसली.

माश्यांमागं राघूही आले. आप्पांनी सवयीनं गोफण उचलली, तर सारजाबाईनं ती हातातनं काढून घेतली. "खाऊ द्या. त्यांच्या बी पोटाला पाह्यजे. उसाचं ऊन आपन खातो, फुलाचं माश्या खात्यात, माश्यांचं राघू. मधलंच कुनी आयतं गिळून बसलं की खालीवर समद्यांची उपासमार." आप्पांना हे आधीच ठाऊक होतं, पण त्यांनी नवीनच ऐकल्यासारखी मान डोलावली.

चैतात गोंडे वाळले. खुडले, उन्हात टाकले, चोळले, पाखडले. सुपात काळं बी पडलं, पण नुसतं काळं दिसून भागत नाही. पोकळ बीही काळंच असतं. खरं काय ते पाणी सांगतं. भरलेलं बी बुडतं, पोकळ तरंगतं.

ती परीक्षा बघायला वस्ती जमली. जयसिंगरावही आले. त्यांनी घसा खाकरून सांगितलं, की यंदा गुळाला नाव ठेवायला कुणाला जागा उरली नाही, आणि आजवर आपण पुडीचंच बी लावत आलो, पण यंदा मिळालं तर विहीणबाईंचं लावावं म्हणतो.

"मिळालं तर," सारजाबाई म्हणाली आणि पाण्याची बादली पुढं ओढली.

तिनं बादलीत मूठभर बी सोडलं. सगळं बी पाण्यावर पसरलं. पाणी काळं झालं आणि तसंच राहिलं. सारजाबाईनं हातानं पाणी एकदा ढवळलं आणि डोळे मिटून घेतले. तिला बघवेना.

"अगं, बघ की," आप्पा म्हणाले.

पाणी स्वच्छ झालं होतं. वर थोडं पोकळ बी फिरत होतं, माश्या यायच्या आधीच्या फुलांचं. बाकीचं सगळं खाली जाऊन बसलं होतं, दाट, काळंभोर, बादलीचा तळ दिसू नये इतकं. सारजाबाई तिथंच मातीत बसून हुंदके देऊन रडली आणि रडता रडताच हसायला लागली. मग नाक पुसलं, सूप मांडीवर ओढलं आणि सगळ्यात आधी वळली ती व्याह्यांकडं.

"वंजळ धरा, पाव्हणं."