त्र्याहत्तर नंबरची नळी

कामात ढिलाई दिसली की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी ते आमच्या प्रयोगशाळेतल्या सौम्यावर फिरलं होतं.

काम तसं साधं होतं. रोगजंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडीज रक्तात किती असाव्यात, हे रिपोर्टावर छापलेलं असतं, पण ते युरोपातली माणसं मोजून ठरवलेलं. आपल्या उष्ण मुलखात डास, जंत, गढूळ पाणी. शरीर लहानपणापासून लढत असतं, त्यामुळे आपले आकडे चढेच. म्हणून बेंगळुरूची एकशे वीस निरोगी माणसं मोजायची होती. आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळींच्या संक्रांतीला मी टेबल मांडलं आणि तिळगूळ घ्या, रक्त द्या म्हणत सगळ्यांच्या मागे लागलो. नावं सौम्याच्या कुलपात, माझ्याकडे फक्त नंबर.

बहुतेकांचे आकडे चौदाशे-पंधराशे आले. त्र्याहत्तर नंबरचा सातशे वीस. छापील पातळी सातशेपासून सुरू होते, म्हणजे तिथे तो कसाबसा बसत होता. पण आमच्या यादीत दुसरं कुणी हजाराच्या खाली नव्हतं. नळीत पाणी गेलं असणार, असं मी सौम्याला चारचौघांत सुनावलं. तिने पुन्हा मोजलं. सातशे दहा. मी त्र्याहत्तर यादीतून काढून टाकला आणि त्या माणसाकडून नवीन रक्त घ्यायला सांगितलं.

नाव बघायला गेलेली सौम्या बराच वेळ आली नाही. आली ती दारातच थांबली.

"सर, नया सॅम्पल आप ही घर से ले आइए."

माझ्या बायकोला, प्रेमाला, मधुमेह. म्हणून निरोगी लोकांत तिचं रक्त मी घेतलंच नव्हतं. घरातून एकटीने दिलं होतं, आमच्या मुलीने, यशश्रीने.

यशश्री चोवीस वर्षांची, नोकरीसाठी कोरमंगलात पीजीत राहते. तिला बारा महिने खोकला. दोन वर्षांत दोनदा न्यूमोनिया. या गावात शिंकत नाही असा माणूस दाखवा. धूळ, पराग, ऑफिसचा एसी, यांच्यावर आम्ही सगळं ढकलत आलो होतो, आणि मी सगळ्यांत जास्त. फॉर्मवर 'तब्येत चांगली' या चौकटीत तिने खूण केली तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

डॉक्टर शेषगिरींनी रिपोर्ट पाहिला आणि आकडा नॉर्मल आहे म्हणाले. मी माझी यादी त्यांच्यापुढे आपटली, जवळजवळ भांडलोच. अखेर त्यांनी तिला न्यूमोनियाची लस दिली. चार आठवड्यांनी रक्तात त्या लसीच्या अँटिबॉडीज चढल्या तर घाबरायचं कारण नाही. नाही चढल्या, तर तिच्या शरीराला लढताच येत नाही.

ते चार आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. तिला येलहंक्याला घरी आणलं. शेजारचं शेंबडं पोर जिना चढताना दिसलं की मी दार लावून घ्यायचो. पाणी दोनदा उकळायला लावायचो. प्रेमा विचारायची, अहो, काय लपवताय? मी चिडून उत्तर द्यायचो, कारण भीती वाटतेय हे बोलायला जीभ उचलत नव्हती.

रिपोर्ट आला. अँटिबॉडीज चढल्या नव्हत्या, जरासुद्धा नाही. आता डॉक्टर वाद घालत नव्हते. दर महिन्याला दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज तिला सलाइनमधून द्याव्या लागतील, कदाचित जन्मभर. छातीच्या स्कॅनमध्ये दिसलं, उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग मात्र कायमचा खराब झाला होता. वर्षभर आधी आणायला हवं होतं, असं ते अगदी हळू म्हणाले.

परतताना ऑटोत यशश्री रिपोर्टाची घडी घालत होती. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "बाबा, म्हणजे तुमच्या हेल्दी लोकांच्या लिस्टमध्ये मी नाहीये ना आता?"

"नाही," मी म्हणालो.

त्र्याहत्तर काढून टाकला ते बरोबरच होतं. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मला वाटलं, देवा, माझं काम चुकलेलं असू दे. नळीत खरंच पाणी गेलेलं असू दे.